शिवलं

लग्नाच्या पंगतीत तो शर्टाच्या खिशातून स्टीलचा चमचा काढायचा. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं चमच्यानं. शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारायचा, "हाताला काही लागलंय का?" तो मान हलवायचा. "न्हाई. तेलकट व्हतो."

हात तेलकट होऊ द्यायचा नाही, पाण्याची बादली उजव्या हातानं उचलायची नाही, उजव्या कुशीवर झोपायचं नाही. कुणी हात मिळवायला पुढं आला तर तो लांबूनच नमस्कार करायचा. परगावच्या माणसाला तो गर्विष्ठ वाटे. वडवणीच्या माणसाला मात्र माहीत होतं, की हा हात म्हणजे त्याचा धंदा आहे. तो स्नूकर खेळायचा. वेळ जात नाही म्हणून नव्हे, पोट त्यावर होतं म्हणून.

मी तेव्हा वडवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून बदलून आलो होतो. लसी टोचायच्या, मेलेल्या जनावरांचे पंचनामे करायचे, असलं काम. मी डॉक्टर नव्हतो, तरी लोक डॉक्टर म्हणत आणि मी त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. खोली मिळाली ती त्याच्या थोरल्या भावाच्या इमारतीत. खाली बी-बियाणांचं दुकान, मधल्या मजल्यावर स्नूकरचा हॉल, वर एका बाजूला तो आणि त्याची आई, दुसऱ्या बाजूला मी. थोरल्या भावाला सगळा तालुका आबा म्हणायचा. जमीन मोठी, राजकारणात वजन, बसस्टँडसमोरच्या प्रत्येक फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो. त्याच फ्लेक्सच्या एका कोपऱ्यात काळं जाकीट घातलेला, गळ्याला बो लावलेला धाकटा, आणि खाली 'वडवणीची शान'. तो त्या फ्लेक्सखालून जाताना मान खाली घालून जायचा.

डिप्लोमा करायला तो पुण्याला गेला होता. कॉलेजच्या समोर एक क्लब होता, तिथं त्यानं पहिल्यांदा ते बारा फुटी टेबल बघितलं आणि डिप्लोमा राहिला तो राहिलाच. राज्याची स्पर्धा त्यानं दोनदा जिंकली. देशपातळीवर शेवटच्या आठांत गेला. एकदा बँकॉकला जाऊन व्यावसायिक खेळाडूंच्या पात्रता फेऱ्या खेळून आला, तिसऱ्या फेरीत हरला. वडील वारल्यावर आबांनी त्याला गावाकडं बोलावलं आणि पुण्यात खेळत होता तसलंच टेबल इथं आणून बसवलं. हिरव्या बनातीखाली दगडाच्या पाच जाड फरश्या असतात. त्या जिन्यानं वर चढवायला बारा माणसं लागली होती, असं खालचा दुकानदार अभिमानानं सांगायचा.

मी पहिल्यांदा हॉलमध्ये डोकावलो तेव्हा टेबलावर एकच चेंडू होता, पांढरा. तो काठीनं त्याला हलकेच ढकलायचा, चेंडू सरळ पलीकडच्या कडेवर आपटून आला तसा परत काठीच्या टोकापाशी यायचा. पुन्हा तेच. मी अर्धा तास बघत उभा राहिलो. चेंडू एकदा बोटभर बाजूला आला, तेव्हा तो उभा राहिला, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा वाकला.

"बाकीचे चेंडू कवा मांडता?" मी विचारलं.

"ह्यो सरळ आल्यावर."

संध्याकाळी गावातली पोरं तासाच्या हिशोबानं खेळायला यायची. ती त्याला म्हणायची, "चॅम्पियन, टाका की एखादा लाल. कावून नुसता पांढऱ्यासंगं खेळता?" तो हसायचा. खडूनं काठीचं टोक घासायचा. त्या निळ्या खडूचे डाग त्याच्या सगळ्या शर्टांना होते. आठवडी बाजारात वांगी घेतानासुद्धा तो गाड्यापुढं उकिडवा बसून, एक डोळा मिटून, ढिगाकडं असा बघायचा की भाजीवाली म्हणायची, "घ्यायची तर घ्या बापा, नेम कशाला धरताव." दर रविवारी, भर मे महिन्यातही, तो काळं जाकीट, बो, चकचकीत बूट असा पूर्ण पोशाख घालून सराव करायचा. लाइट गेलेली असायची, हॉल भट्टीसारखा तापायचा. मी विचारलं तर म्हणाला, "सामन्याच्या दिवशी अंगाला काही नवं वाटलं न्हाई पाह्यजे."

पण वडवणीला त्याची खरी ओळख होती ती एका शब्दामुळं. या खेळात कुठल्याही चेंडूला तुमचा हात, शर्टाची बाही, जाकिटाची कड, काहीही लागलं तर ती चूक धरतात आणि गुण समोरच्याला जातात. गावातल्या पोरांबरोबर साधा खेळ चालू असताना तो मधेच सरळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "शिवलं." मग खुर्चीत जाऊन बसायचा. पोरं म्हणायची, आम्हाला तर काही दिसलं नाही. तो म्हणायचा, "तुमाला कसं दिसंल? मला कळलं."

एकदा मी खात्याच्या कामासाठी पुण्यात होतो आणि त्याचा राज्याच्या संघनिवडीचा शेवटचा सामना त्याच दिवशी होता. जिंकला असता तर वर्षभर देशभरच्या स्पर्धा, प्रायोजक, सगळं होतं. मी आणि आबा प्रेक्षकांत बसलो होतो. शेवटच्या डावात टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा असे तीनच चेंडू उरले होते आणि तो पुढं होता. पांढरा चेंडू लांब गेला होता. तो टेबलावर पोटावर आडवा झाला, एक पाय हवेत, आणि काठी मागं घेतली. मग थांबला. हळूच मागं सरकून उभा राहिला आणि पंचाला म्हणाला, "शिवलं. जाकिटाला गुलाबी शिवला."

पंच पलीकडच्या बाजूला होता. तो म्हणाला, "मला दिसलं नाही. चेंडू जागचा हललेला नाही."

"शिवला," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. समोरच्यानं तिन्ही चेंडू टाकले.

परतीच्या वाटेवर आम्ही एकाच गाडीत होतो. गाडी आबाच चालवत होते. पगारी ड्रायव्हर होता, पण लांबच्या प्रवासात आबांना स्टिअरिंग स्वतःकडं लागायचं. ड्रायव्हर मागं माझ्याशेजारी बसला होता. अहिल्यानगर मागं पडल्यावर आबा म्हणाले, "कुनी बघितलं व्हतं का?"

"मी," तो म्हणाला.

आबांनी गियर बदलला.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला निघायचं होतं. या वेळी पहाटेच निघू, मी स्वतः नेतो, असं आबा म्हणाले. ते सिरसाळ्याकडं पाहुण्यांत मुक्कामाला होते, त्यांनी त्याला आदल्या दिवशी तिकडंच बोलावून घेतलं होतं. मला सकाळी साडेसहाला फोन आला, तो स्पर्धेचा नव्हता. सिरसाळा रस्त्यावर गाडी मेंढरांत घुसली आहे, मेंढ्या पडल्यात, डॉक्टर लवकर या.

मी गेलो तेव्हा उजाडलं होतं. चार मेंढ्या मेल्या होत्या, दोन मेंढ्यांचे पाय मोडले होते. मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, की रस्त्याकडेच्या चारीत घोंगडीखाली एक बाई आहे. मेंढपाळ, पन्नाशीचा माणूस, तिच्याजवळ बसला होता. तो कळपाच्या पुढं चालत होता, ती मागून येत होती. गाडी आली आणि गेली. तो मेंढ्यांकडं धावला. कळप पांगला होता, कुत्रं ओरडत होतं, त्यानं जनावरं गोळा केली आणि मग त्याला बायको दिसेना. चारीत सापडली तेव्हा अंग गार पडायला लागलं होतं.

"जागीच गेली म्हनत्यात," तो मला म्हणाला. दुधाच्या गाडीवरच्या माणसानं त्याला तसं सांगितलं होतं. मी मोडलेल्या पायांना पट्ट्या बांधल्या. दुसरं मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी कळलं, की आबांचा ड्रायव्हर स्वतःहून पोलिसांत हजर झाला. गाडी मी चालवत होतो, डुलकी लागली, घाबरून थांबलो नाही, असा जबाब त्यानं दिला. आबांनी मागं झोपलो होतो म्हणून सांगितलं. धाकट्यानंही तेच सांगितलं, पुढच्या सीटवर होतो, झोपलो होतो. मी रात्रीची भाकरी घेऊन वर जाताना हॉलचं दार उघडं दिसलं. पोशाखाची पिशवी खुर्चीत तशीच होती. तो टेबलाच्या कडेला उभा होता. मी तसाच वर गेलो. लांबच्या प्रवासात गाडी कोण चालवतं हे मला माहीत होतं, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही. मी त्या घराचा भाडेकरू होतो. त्या तालुक्यात नोकरी करत होतो.

आठवड्याभरानं त्यानं पुन्हा काठी हातात घेतली. मी जिन्यात बूट काढत होतो, चेंडूचा आवाज येईना म्हणून आत बघितलं. तो वाकला होता. हनुवटी काठीवर, नजर पांढऱ्या चेंडूवर. काठी मागं गेली आणि तिथंच थांबली. पुढं जाईना. तो उभा राहिला, फेरी मारली, वाकला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी हात एकदम झटक्यानं सुटला आणि चेंडू टेबलावरून उडून भिंतीला लागला.

बीडच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, पुण्याच्यांनी नसांची तपासणी केली. हातात काही दोष नव्हता. तो चहाचा कप धरायचा, मोटरसायकल चालवायचा, सही करायचा. काठी मागं नेली की मात्र हात दगड व्हायचा. तरी तो स्पर्धांना गेला. एका ठिकाणी एका साध्या चेंडूवर तो इतका वेळ वाकून राहिला, की प्रेक्षकांतले लोक आपसांत बोलायला लागले. शेवटी तो उठला, समोरच्याला नमस्कार केला आणि सामना सोडून दिला. त्याच्याबरोबर गेलेल्या पोरांनी हे येऊन मला सांगितलं, तेव्हा त्यांच्यातला एकही हसला नाही. त्यानंतर फ्लेक्सवरचा कोपऱ्यातला फोटो गेला.

वर्ष उलटून गेल्यावर, एका दुपारी लाइट नसताना, तो माझ्या खोलीत आला. कधी यायचा नाही. खाटेच्या कडेवर बसला.

"डॉक्टर, मेंढीला गाडीची धडक बसली तर मरायला किती वेळ लागतो?"

मी म्हणालो, कुठं लागलंय त्यावर असतं.

"आन बाईला?"

मग त्यानं सगळं सांगितलं. गाडी आबाच चालवत होते, फोनवर बोलत होते. धक्का बसल्यावर गाडी थोडी हळू झाली. त्यानं डावीकडच्या आरशात बघितलं.

"ती चारीत उताणी पडली व्हती. हात वर करीत व्हती. असा." त्यानं स्वतःचा डावा हात उचलून दाखवला. "मी म्हनलं, थांबा. एकदाच म्हनलं, हळू. आबा म्हनले, म्होरं बघ. मी म्होरं बघितलं."

"अजून कुणी बघितलं?"

"ड्रायव्हर झोपला व्हता. मीच."

तो उठला. जाताना म्हणाला, "त्यो हात मला रोज दिसतो. आन माझा हात पुढं जात न्हाई."

ड्रायव्हरवरचा खटला तीन वर्षांनी उभा राहिला. आबांनी वकील दिला होता, ड्रायव्हरच्या पोराला कुठं नोकरीला चिकटवायचं ठरलं होतं, सगळं नीट बांधलेलं होतं. साक्षीदार म्हणून त्याचं नाव पुकारलं. त्या दिवशी तो जाकीट घालून गेला होता. मी मागच्या बाकावर होतो, त्यानंच बोलावलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, अपघात झाला तेव्हा तुम्ही काय करत होता. त्यानं झोपलो होतो म्हणायचं होतं.

तो म्हणाला, "मी जागा होतो. गाडी माझा मोठा भाऊ चालवत होता."

क्षणभर कुणालाच काय करावं कळलं नाही. मग सरकारी वकिलांनीच त्याला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोलिसांपुढं तुम्ही वेगळं सांगितलं होतं ना? हो. म्हणजे तेव्हा खोटं बोललात? हो. मग आता खरं बोलताय हे कशावरून? तो म्हणाला, "मी तिथं होतो." बाई जिवंत होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही. तो प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

संशयाचा फायदा मिळून ड्रायव्हर सुटला. आबांवर वेगळी केस करायची की नाही, त्याचे कागद अजून फिरताहेत. कोर्टाबाहेर चिंचेखाली ड्रायव्हरनं त्याला गाठलं. मला वाटलं पाया पडेल. तो म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं व्हतं? पोराचं लागलं असतं. मी भोगायला तयार व्हतो ना बे." पहिल्यांदाच तो मालकाच्या भावाला बे म्हणाला. मग तोंड फिरवून बसस्टँडकडं चालायला लागला.

आबा ओरडले नाहीत, अंगावर धावून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप लागलं आणि धाकट्याची वळकटी खालच्या दुकानाच्या पायरीवर आली. आईनं वरच्या खिडकीतून बघितलं, खाली आली नाही. पंधरा दिवसांनी टेबल उकललं. पुढं आबांच्या शेतावर मी एका म्हशीला बघायला गेलो, तेव्हा त्या फरश्यांतली एक गोठ्याच्या हौदाला टेकवलेली दिसली. दुसरीवर बायका धुणं धूत होत्या. मलाही महिन्याभरात खोली सोडावी लागली आणि वर्षभरात बदली झाली, ती उमापूरला.

तो बीडला गेला. तिथं एका स्नूकर हॉलमध्ये गुण लिहायचं, पॉकेटमधले चेंडू काढून जागेवर मांडायचं काम करू लागला. मी कामासाठी बीडला गेलो की त्याला भेटायचो. एकदा दुपारी हॉल रिकामा होता. मी विचारलं, "खेळून बघितलं का?"

"कोर्टातून आलो त्याच आठवड्यात. वाटलं व्हतं, बोलल्यावर सुटंल."

"सुटला?"

"न्हाई."

मग तो म्हणाला, की मेंढपाळाला भेटायचंय. कोर्टात अर्धंच सांगितलं, उरलेलं त्या माणसाला सांगायला पाहिजे. मी म्हणालो, कशाला? तो जगतोय कसाबसा. तो म्हणाला, "ती त्याची बायको हाय डॉक्टर. त्याला ठाव नगं?" मी त्याला दोन महिने टाळलं. पण तो दर भेटीत विचारायचा आणि कुठल्या मोसमात कुठल्या शिवारात कोणाच्या मेंढ्या बसतात, हे शोधून काढणं माझ्या खात्यात अवघड नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचून झालेल्या एका रानात मेंढ्या बसवलेल्या होत्या, भोवती जाळी लावलेली. मेंढपाळ आता एकटाच स्वयंपाक करायचा. त्यानं मला ओळखलं. धाकट्याला बघून म्हणाला, "तुमी कोर्टात बोलले त्येच ना?" आणि अंथरूण झटकून आम्हाला बसायला दिलं. तीन दगडांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. मेंढ्यांच्या खोकल्याबद्दल मला विचारलं, मी औषध सांगितलं. धाकटा माझ्या शेजारी ताठ बसला होता. तोंड उघडायचा आणि मिटायचा. मला कळत होतं, आता बोलणार.

मेंढपाळच आधी बोलला. काटकीनं विस्तव सारखा करत, आमच्याकडं न बघता.

"कोर्टाचं मला काई कळलं न्हाई. कुनाला शिक्षा झाली काय, न झाली काय, ती काई येत न्हाई. येक बरं झालं, जागीच गेली. तिला काई कळलं न्हाई. म्या मेंढरं गोळा करीत बसलो व्हतो हो. ती चारीत आन म्या मेंढरं मोजीत व्हतो. ती जित्ती असती आन म्या मेंढरामागं पळत असतो, तर मला ह्या जाळीत झोप लागली नसती." मग त्यानं मान वर केली. "तुमी तर म्होरंच बसलेले व्हते. जागीच गेली ना?"

चहा उतू गेला. कुणी उतरवला नाही. मी माझ्या बुटांकडं बघत होतो.

"जागीच गेली," तो म्हणाला. "काईच कळलं न्हाई तिला."

मेंढपाळानं दोनदा मान हलवली. चहा गाळला, पहिला कप त्याला दिला. त्यानं तो शेवटपर्यंत प्यायला.

परत येताना तो मोटरसायकलवर माझ्यामागं बसला होता. डांबरी रस्ता लागला. मग म्हणाला, "डॉक्टर, हे आता कुनाला सांगायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. मागच्या पावसाळ्यात मेंढपाळ वारला. ते कळल्यावर मी धाकट्याला बीडला फोन केला. त्याच्या मागून चेंडूंचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आता सांगितलं तरी चालंल." म्हणून हे लिहिलं.